सेक्शन कापायला पण लायसन? हिस्टोपॅथॉलॉजीत कोणी काय करायचं? (मिरज-सांगली-साताराकरांनी जरूर लिहा)

चारमायक्रॉन
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

मी मिरजेत एका खासगी लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला आहे. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) होऊन अकरा वर्षं झाली. आमच्याकडे एक मामा आहेत (दवाखान्यातले मामा-मावशी आपल्याकडे कोणाला सांगायला नकोत). बारावी नापास. काचा धुवायला म्हणून लागले, त्याला आता सत्तावीस वर्षं होतील. आज निम्मे सेक्शन (तपासायच्या तुकड्याचे अगदी पातळ काप) तेच कापतात, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा चांगले कापतात. ब्लॉक बर्फावरून उचलतात, तोंडाने 'हा' करून एकदा वाफ देतात, चाक फिरवतात, आणि आठ-दहा सेक्शनची रिबन एकही सुरकुती न पडता पाण्यावर सोडतात. मला मायक्रोटोम (सेक्शन कापायचं यंत्र) त्यांनीच शिकवला. पहिला आठवडाभर चाकाला हात लावू दिला नाही. म्हणाले, "आधी रिबन पाण्यावर कशी टेकते ते बघ."

आता आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना एनएबीएल (लॅबच्या दर्जाची मान्यता) करायचंय. कन्सल्टंट आला, तक्ता काढून बसला. प्रत्येक कामापुढे माणूस, शिक्षण, नोंदणी क्रमांक. 'सेक्शन कटिंग'पुढे मामांचं नाव आलं तसं त्याने पेन खाली ठेवलं. "हे नाव इथे चालणार नाही."

मग मामांनी करायचं काय? नियम नक्की काय म्हणतो? ग्रॉसिंग कोणी करायचं, मेणात कोणी बसवायचं, कापायचं कोणी, रंगवायचं कोणी? का नियमाला फक्त रिपोर्टखालच्या सहीशी देणंघेणं आहे? बाहेरच्या देशात कसं असतं तेही सांगा कोणीतरी.

हळदीचं_पोतं
हिस्टो म्हणजे हिस्ट्रीतलं काहीतरी असणार म्हणून आलो. म्हटलं प्रतापगडाचा विषय दिसतोय. इथे तर मेण आणि पाणी.

चारमायक्रॉन
@हळदीचं_पोतं, :) थोडक्यात सांगते. ऑपरेशनमध्ये काढलेलं काहीही, गाठ, पित्ताशय, गर्भाशय, आमच्याकडे फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा कुजू न देणारं द्रव) येतं. ते बघून, मोजून, त्यातले नेमके तुकडे काढायचे, हे ग्रॉसिंग. ते तुकडे छोट्या कॅसेटमध्ये घालून रात्रभर मशीनमध्ये: आधी चढत्या टक्क्यांचं अल्कोहोल, मग झायलिन, मग साठ डिग्रीच्या आसपासचं वितळलेलं मेण. सकाळी साच्यात मेण ओतून तुकडा बसवायचा, तो ब्लॉक. मग तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे कापायचे, कोमट पाण्यावर पसरवायचे, काचेवर उचलायचे, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवायचे. कॅन्सर आहे की नाही ते त्या काचेवर ठरतं. केसाची जाडी सत्तर मायक्रॉन धरली तर आम्ही त्याच्या साधारण वीस भागांतला एक भाग कापतो.

हळदीचं_पोतं
आमच्याकडे मटणवाला पण एवढं बारीक करून देत नाही. दंडवत घ्या.

कलम_आणि_शाई
सांगली कोर्टात वकिली करतो, लॅबच्या एकदोन प्रकरणांत कागद चाळलेत. क्रमाने सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

सहीचा प्रश्न निकाली निघालाय. १२ डिसेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरातेतल्या खासगी लॅबवाल्यांच्या प्रकरणात सांगितलं, की लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. तंत्रज्ञाने स्वतःच्या सहीने रिपोर्ट देणं बंद. पण हे झालं शेवटच्या ओळीचं.

तंत्रज्ञ कोणाला म्हणायचं यासाठी आपल्याकडे महाराष्ट्र परावैद्यक परिषद अधिनियम, २०११ आहे. त्यावर केंद्राचा २०२१ चा सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा आला. त्यात दोन पायऱ्या आहेत. किमान २००० तासांचा दोन ते चार वर्षांत झालेला डिप्लोमा किंवा पदवी असेल तर सहयोगी व्यावसायिक. किमान ३६०० तासांची तीन ते सहा वर्षांतली पदवी असेल तर आरोग्यसेवा व्यावसायिक. परिशिष्टात व्यवसायांची यादी आहे, त्यात हिस्टोटेक्नॉलॉजिस्ट असं वेगळं नाव आहे. म्हणजे ताई, तुमच्या कामाला कायद्याने निदान नाव तरी दिलंय.

आता गंमत अशी, की कायद्यात माणसांची नावं आहेत, कामांची नाहीत. 'मेणाचा ब्लॉक अमुकानेच कापावा' असं कलम तुम्हाला सापडणार नाही. आणि केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा, ज्याच्याखाली २०१८ साली लॅबचे किमान निकष काढले, तो महाराष्ट्राने घेतलेलाच नाही. आपल्याकडे अजून १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा.

एनएबीएल हा कायदा नाही, तुम्ही आपणहून पत्करलेली शिस्त आहे. पण एकदा पत्करली की कन्सल्टंट म्हणेल ते ऐकावं लागतं.

जुना_हिस्टोकिनेट
कन्सल्टंट म्हणेल ते नाही वकीलसाहेब, मानक म्हणेल ते. आयएसओ १५१८९ (वैद्यकीय लॅबचं आंतरराष्ट्रीय मानक) वाचा. प्रत्येक कामाला काय शिक्षण, काय प्रशिक्षण, काय अनुभव लागतो ते लॅबने लिहून ठेवायचं, माणसाची क्षमता तपासायची, ठरावीक काळाने पुन्हा तपासायची, आणि त्या-त्या कामाचा अधिकार नावानिशी द्यायचा. निम्मे कन्सल्टंट एका लॅबचा तक्ता दुसरीकडे चिकटवतात.

बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत हिस्टो केलं, आता निवृत्त. आमच्या वेळी डिस्पोजेबल ब्लेड नव्हतं. पोलादी सुरी दगडावर लावायची, मग चामड्याच्या पट्ट्यावर. सुरीला एक दात पडला की प्रत्येक सेक्शनवर उभी रेघ. काचेवर सेक्शन चिकटावा म्हणून अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीन समसमान, वर थायमॉलचा खडा, नाहीतर बुरशी. ते करायला अंडी आणायची आणि पिवळा बलक आमचा शिपाई घरी न्यायचा. सुरी लावायला मला शिकवलं ते त्याच शिपायाने. त्याच्या बापाचं केशकर्तनालय होतं.

बीपीएमटी_बॅच
सगळे मामांचे पोवाडे गाताय म्हणून लिहितो. वाईट वाटलं तर वाटू दे.

मी बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) केलंय. तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. वडिलांनी तासगावच्या द्राक्षबागेवर कर्ज काढलं. पास होऊन सांगलीत एका लॅबमध्ये गेलो तर मालक म्हणाले, "अकरा हजार देतो. तेच काम आमचा पोरगा सात हजारात करतोय." तो पोरगा दहावी. म्हणजे माझ्या चार वर्षांची किंमत महिना चार हजार. तुमच्या मामांचा हात सोन्याचा असेल, पण असा एक मामा असला की त्याच्या नावावर पन्नास लॅबवाले पन्नास अशिक्षित पोरं ठेवतात. त्या पोरांना कोण शिकवतं? कोणीच नाही.

एक डोळ्यांनी बघितलेलं. हाडाचा तुकडा होता, मऊ करायला नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवलेला. दिवाळीची सुट्टी लागली. पोराने 'हाड आहे, भिजू दे' म्हणून तसाच सोडला. चार दिवसांनी आलो तर तुकडा लोण्यासारखा. कापला गेला झकास, पण हिमॅटॉक्सिलिन (केंद्रकाला निळा करणारा रंग) चढेचना. सगळं गुलाबी, एका पेशीला केंद्रक दिसेना. पेशंट होता बावीस वर्षांचा, गुडघ्याच्या वर गाठ. त्याला पुन्हा टेबलावर घेतला. नोंदणी सक्तीची असती तर हे झालं असतं का?

हळदीचं_पोतं
इषय हार्ड झाला राव. पॉपकॉर्न ठेवतो, भडंग काढतो.

चारमायक्रॉन
@बीपीएमटी_बॅच, वाईट नाही वाटलं. पगाराचं अगदी खरं आहे. पण दिवाळीच्या आधी त्या पोराला 'ॲसिडातून काढून ठेव' असं सांगायचं काम कोणाचं होतं? तिथे डिग्रीवाला कोणी होताच ना?

बीपीएमटी_बॅच
होता. मीच होतो. मी गावी गेलो होतो.

जुना_हिस्टोकिनेट
शाबास. हे लिहायला धाडस लागतं, पोरा.

वाईकर_टँपा
मूळची वाईची, साताऱ्यात बीएस्सी, आता फ्लोरिडात हिस्टोटेक आहे. बाहेरचं विचारलंय म्हणून लिहिते.

आपल्याकडे वाटतं अमेरिकेत सगळ्याला लायसन. तसं नाही. तिथे १९८८ चा लॅबसंबंधीचा एक केंद्रीय कायदा आहे, सगळे त्याला 'क्लिया' म्हणतात. तो ठरवतो 'टेस्ट' म्हणजे काय आणि ती कोणी करावी. त्याच्या लेखी मेणात बसवणं, कापणं, नेहमीचं रंगवणं ही टेस्ट नाही, तयारी आहे. त्यामुळे मायक्रोटोमवर कोण बसावं याला केंद्राची शैक्षणिक अट नाही. ग्रॉसिंग मात्र टेस्ट, आणि तीही वरच्या श्रेणीतली. तुकडा मोजणं, वर्णन करणं, कुठून काप घ्यायचा ते ठरवणं, यासाठी रसायन-जीवशास्त्राचे ठरावीक क्रेडिट असलेलं कॉलेजचं शिक्षण आणि प्रशिक्षण लागतं, आणि जबाबदारी पॅथॉलॉजिस्टची.

यावर राज्यांची आपापली तऱ्हा. आमच्या फ्लोरिडात हिस्टोवाल्यांना राज्याचं लायसन लागतं, न्यूयॉर्कातही. कॅलिफोर्नियात हिस्टोटेकला नाही. म्हणजे तोच ब्लॉक, तोच मायक्रोटोम; एका राज्यात बिनलायसनी कापला तर गुन्हा, दुसऱ्यात रोजचं काम. बहुतेक हॉस्पिटलं नोकरी देताना एएससीपी या संस्थेचं एचटी किंवा एचटीएल प्रमाणपत्र मागतात, पण ती मालकाची अट झाली.

आणि ऐका. त्या परीक्षेला पूर्वी स्वतः कापून रंगवलेल्या स्लाइड पाठवाव्या लागायच्या, परीक्षक त्या तपासायचे. आता ते बंद. संगणकावर पर्याय निवडायचे. मी पास झाले तेव्हा मला ब्लेडचा कोन पाठ होता, पण आयुष्यात धड रिबन काढली नव्हती. ती मला एका क्युबन आजीने शिकवली. तिलाही म्हणे जुनी सूट होती, परीक्षा न देता.

हळदीचं_पोतं
म्हणजे टँपातही मामा आहेत. मामी म्हणा.

लीड्सकर_फलटण
इंग्लंडात 'बायोमेडिकल सायंटिस्ट' हे पदनामच कायद्याने राखलेलं आहे. एचसीपीसीकडे (तिथली आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी परिषद) नोंदणी नसेल तर स्वतःला तसं म्हणवून घेता येत नाही. पण त्याच विभागात लॅब असिस्टंट असतात, त्यांना नोंदणी लागत नाही, आणि मेणात बसवणं-कापणं यातलं बरंच काम ते देखरेखीखाली करतात.

मला जे पटलं ते वेगळंच आहे. तिथे नमुन्यांची वर्गवारी केलेली आहे, ए पासून ई पर्यंत. ए म्हणजे बरणीतून कॅसेटमध्ये नुसतं उचलून ठेवायचं, सुरी लावायची नाही. बी मध्ये मोजणं, वजन, साधे काप. सी पासून पुढे डोकं जास्त लागत जातं आणि ई म्हणजे मोठ्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचे अवयव. नोंदणीकृत सायंटिस्टने पॅथॉलॉजिस्टच्या कॉलेजबरोबरची जोड-परीक्षा दिली तर तो वरच्या वर्गांचं ग्रॉसिंगही करू शकतो. आमच्याकडे एक बाई आतड्याचे नमुने अशा कापते की नवशिके डॉक्टर तिच्यामागे उभे राहून शिकतात.

म्हणजे प्रश्न 'हा माणूस पात्र का' असा नाही, 'या कामाला हा माणूस पात्र का' असा.

डॉ_कऱ्हाडी
पॅथॉलॉजिस्ट आहे, कऱ्हाडच्या बाजूला. उशिरा आलो, पण सगळं वाचलं.

माझा नियम साधा आहे. जे काम बिघडलं तर पुन्हा करता येतं ते शिकवलेल्या माणसाने करावं, जे पुन्हा करता येत नाही ते मी करावं. रंग हलका चढला, काच धुऊन परत रंगव. सेक्शन फाटला, दुसरा काप. पण आतड्याचा कॅन्सर ग्रॉस करताना मला किमान बारा लसिकाग्रंथी शोधायच्या असतात, चरबीत बोटांनी चाचपून. चारच सापडल्या आणि उरलेलं फेकलं गेलं, तर पेशंटची स्टेजच चुकू शकते, पुढे केमो द्यायची की नाही ते चुकू शकतं. कडेला शाई न लावता गाठ मधोमध उभी चिरली की कड कुठली आणि काप कुठला हे देवालासुद्धा सांगता येत नाही. म्हणून ग्रॉसिंगला मामा नको, डीएमएलटी नको, मी हवा किंवा माझा शिकाऊ डॉक्टर. कापायला मामा असेनात का, माझी काही हरकत नाही. मामांना माझा नमस्कार सांगा.

तासगावची_शेवंता
डॉक्टर, तुमचं म्हणणं अर्धंच पटलं.

माझ्या आईच्या स्तनात गाठ होती. सुईने बायोप्सी घेतली, उदबत्तीच्या काडीएवढे तीन तुकडे. पहिला रिपोर्ट आला, कॅन्सर. मग डॉक्टर म्हणाले हार्मोनची तपासणी त्याच ब्लॉकवर करायची, तो पुण्याला पाठवू. आठ दिवसांनी पुण्याहून फोन, ब्लॉकमध्ये काही उरलेलंच नाही, नुसतं मेण आहे. पहिल्या लॅबमध्ये कोणीतरी ब्लॉक सपाट करताना भसाभसा फिरवला आणि तुकडा निम्म्याहून जास्त कचऱ्यात गेला. हे मला नंतर एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आईला पुन्हा सुई. ती पहिल्यांदाच इतकी घाबरली होती की दुसऱ्या वेळी गाडीत बसेना. बागेत बेदाणा वाळत घातलाय, तो कोण बघणार, म्हणत होती.

तर 'सेक्शन फाटला, दुसरा काप' हे मोठ्या गर्भाशयाला ठीक. उदबत्तीच्या काडीला नाही.

(आई बरी आहे. चार वर्षं झाली.)

डॉ_कऱ्हाडी
ताई, मान्य. बसून विचार केला. मी बोललो ते मोठ्या नमुन्यांच्या सवयीने बोललो. सुईच्या बायोप्सीला ब्लॉक पहिल्यांदा सपाट करणं हेच परत न फिरणारं काम आहे. आमच्याकडे अशा ब्लॉकचे सुरुवातीलाच चार-पाच कोरे सेक्शन काढून ठेवतात, पुढच्या तपासण्यांसाठी. कॅसेटही वेगळ्या रंगाची, म्हणजे कापणाऱ्याला लांबूनच कळतं की इथे हात आवरायचा. पण मी 'कापायला कोणीही चालेल' असा सूर लावला तो चुकला. तुमच्या आईंना बरं वाटतंय हे वाचून बरं वाटलं.

कृष्णाकाठ
मी लॅबवाला नाही, ऑपरेशन थिएटरमध्ये असतो. सगळे लॅबमध्येच कोण काय करतो यावर भांडताय, पण तुकडा लॅबमध्ये पोचायच्या आधीचं कोणी बोलेना.

तालुक्याच्या गावात ऑपरेशन होतं. लॅब मिरजेला. बरणी कोण भरतं? थिएटरमधली मावशी. फॉर्मॅलिन किती घालायचं? तुकड्याच्या निदान दहापट. घालतात किती? बरणीत मावेल तेवढं. एकदा तोंड अरुंद असलेल्या लोणच्याच्या बरणीत गर्भाशय कोंबलं. आत जाताना मऊ होतं, गेलं. फॉर्मॅलिनमध्ये घट्ट झालं, आता निघेना. शेवटी लॅबवाल्यांनी बरणी फोडली. एकदा तर फॉर्मॅलिन संपलं म्हणून सलाइनमध्ये घालून दिलं, आणि नातेवाईक एसटीने निघाले, त्यात जेवायला थांबले. संध्याकाळी बरणी उघडली तेव्हा खोलीतले सगळे बाहेर. त्या नातेवाइकाला कुठलं लायसन लावणार?

डॉ_कऱ्हाडी
+१००. यावर खरंतर वेगळा धागा हवा. स्तनाच्या गाठीच्या हार्मोन तपासणीला तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा आणि ६ ते ७२ तासच त्यात राहायला हवा. शनिवारी दुपारी काढलेला तुकडा बुधवारी आला की माझी पदवी, मामांचा हात, सगळं वाया.

हळदीचं_पोतं
बरणी लोणच्याची होती हे वाचून भडंग बाजूला ठेवला. धन्यवाद.

जुना_हिस्टोकिनेट
अवांतर, पण महत्त्वाचं. लायसनचं बोलताय, माणसाच्या फुप्फुसाचं कोण बोलणार? कर्करोगावर संशोधन करणारी जागतिक संस्था फॉर्मल्डिहाइडला (फॉर्मॅलिनमधलं रसायन) पहिल्या गटात धरते, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेलं. आमच्या वेळी एक्झॉस्ट पंखा म्हणजे खिडकी. झायलिनने हात भेगाळायचे, संध्याकाळी डोकं जड. नोंदणी नसलेल्या माणसाला हातमोजे कमी मिळतात हे मी बघितलंय. तक्त्यात नाव नाही म्हणजे त्याची आरोग्य तपासणीही नाही. @चारमायक्रॉन, मामांचं नाव तक्त्यातून काढून त्यांनाच गुपचूप कापायला बसवायचं, हा सगळ्यात वाईट मार्ग. आणि बहुतेक ठिकाणी तोच निवडतात.

बीपीएमटी_बॅच
+१. ऑडिटच्या दिवशी मामा सुट्टीवर, दुसऱ्या दिवशी मायक्रोटोमवर. सगळीकडे हेच.

तंबोरा_गल्ली
मिरजेतच राहतो. आमच्याकडे सतार-तंबोरे करणारे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या. भोपळा बघून सांगतात यातून कसा आवाज निघेल. त्यांना कुठे लायसन आहे? हात हेच लायसन.

कलम_आणि_शाई
साहेब, तंबोरा बेसूर निघाला तर गवई परत आणून देतो. इथे गिऱ्हाईक बेशुद्ध असतं.

तंबोरा_गल्ली
बरं. घेतो मागे. पण निम्माच.

वाईकर_टँपा
मला एक सांगावंसं वाटतं. लायसनने मला रिबन काढायला शिकवलं नाही, खरंय. पण लायसन आहे म्हणून मी 'नाही' म्हणू शकते. एकदा पाण्यावर दुसऱ्या पेशंटचा कण तरंगताना दिसला. फ्लोटर म्हणतो आम्ही. आधीच्या ब्लॉकचा कचरा पाण्यावर राहिला आणि पुढच्या काचेवर बसला, तर निरोगी माणसाच्या स्लाइडवर कॅन्सर दिसू शकतो. मी सगळ्या स्लाइड थांबवल्या, पाणी बदललं, पुन्हा कापल्या. वरिष्ठ ओरडले, वेळ गेला म्हणून. माझं लायसन माझ्या नावावर आहे, ते गेलं तर माझं जाईल, म्हणून मी हटले नाही. बिनकागदाच्या माणसाला मालक म्हणेल ते करावं लागतं. मामांना असं थांबवता येतं का?

चारमायक्रॉन
@वाईकर_टँपा, प्रश्न जिव्हारी लागला. मामा पाणी दर ब्लॉकला टिश्यू पेपरने पुसतात, न चुकता. पण मॅडमना उलट बोललेले मी सत्तावीस वर्षांत... म्हणजे माझ्या अकरा वर्षांत ऐकलं नाही. मला दिसलेलं चुकतंय ते मला येऊन सांगतात, मी मॅडमना सांगते.

कृष्णाकाठ
अवांतर: २०१९ च्या पुरात सांगलीतल्या लॅबचं काय झालं होतं? आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या थिएटरमध्ये टेबलाच्या वर पाणी होतं.

जुना_हिस्टोकिनेट
मी तेव्हा एका खासगी ठिकाणी मदतीला गेलो होतो. ब्लॉकचे ड्रॉवर आठवडाभर पाण्याखाली होते. रजिस्टरं गेली, निळी शाई सगळी पसरून आभाळ झालेली. पण ब्लॉकना काही झालं नाही, मेणात पाणी शिरतंय कुठलं? गाळ धुतला, आणि कॅसेटवरचे नंबर जसेच्या तसे. कारण ते शिसपेन्सिलने लिहिलेले. पेनाची शाई अल्कोहोल-झायलिनमध्येच धुऊन जाते म्हणून हिस्टोवाला पेन्सिलशिवाय लिहीत नाही, त्याचा असा फायदा झाला. ज्यांनी नवं मार्कर पेन आणलं होतं त्यांचे दोन ड्रॉवर बेवारस झाले.

लीड्सकर_फलटण
मूळ प्रश्नाकडे येऊ का? @चारमायक्रॉन, मॅडमना सांगा की तक्ता माणसांवरून नाही, कामांवरून करा. काम बारीक बारीक तोडा. ब्लॉक थंड करणं, ब्लेड बदलणं, मोठ्या नमुन्याचा सेक्शन, सुईच्या बायोप्सीचा सेक्शन, विशेष रंग. प्रत्येकापुढे: पुन्हा करता येतं का, कोणाच्या देखरेखीखाली. मग नावं भरा.

कलम_आणि_शाई
आणि मामांच्या हुद्द्यात 'तंत्रज्ञ' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका, पगारपत्रकावरसुद्धा. परिषदेत नोंदणी नाही, मग तो हुद्दा नाही. मदतनीस म्हणा, आणि प्रत्येक पाळीला नोंदणीकृत माणूस त्याच खोलीत हजर. शेजारच्या खोलीत नव्हे.

बीपीएमटी_बॅच
आणि त्या नोंदणीकृत माणसाला अकरा हजारापेक्षा जास्त द्या.

चारमायक्रॉन
तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा, ऑडिटची गडबड होती.

मॅडमना धागा वाचायला दिला. शेवंताताईंचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचला. आता असं ठरलंय: ग्रॉसिंग मॅडमच करणार. मामा टेबलाशी असतात, बरणी उघडणं, शाईचा ब्रश हातात देणं, पण सुरी नाही. सुईच्या बायोप्सीचे ब्लॉक मी किंवा नवा मुलगा कापणार, पिवळ्या कॅसेटमध्ये. मोठ्या नमुन्यांचे सेक्शन मामा कापतील, मदतनीस म्हणून, मी खोलीत असताना. दर तीन महिन्यांनी त्यांच्या दहा स्लाइड मॅडम नाव झाकून तपासणार, माझ्याही दहा. पहिल्या तपासणीत त्यांचे दहाच्या दहा ठीक. माझ्या एकावर सुरकुती निघाली.

नवा मुलगा बीपीएमटी आहे. पगाराचं मॅडमशी बोलले, अकरापेक्षा बराच वर आहे, आकडा लिहीत नाही. त्याला मामांनी पहिला आठवडा चाकाला हात लावू दिलेला नाही.

कन्सल्टंट अजून नाखूश आहे. म्हणतो ऑडिटर काय म्हणेल सांगता येत नाही. बघू. मामांची क्षमता तपासणीची फाइल केली. त्यात शैक्षणिक पात्रतेचा रकाना होता, मामांनी स्वतः भरला, 'बारावी (नापास)', आणि खाली सही. फाइल कन्सल्टंटकडून परत आली, कारण सगळं शिसपेन्सिलने लिहिलंय. मामा म्हणाले, "पेनाचं पुसतं."

हळदीचं_पोतं
कन्सल्टंटला म्हणावं, फॉर्म झायलिनमध्ये बुडवून बघ.

जुना_हिस्टोकिनेट
पिवळ्या कॅसेट मिरजेत कोणाकडे मिळाल्या? इथे सगळीकडे पांढऱ्याच आहेत म्हणतात.